तुफान गाडीचं माप

तुफान या स्पोर्ट्‌स कारचे एकूण सात नग निघाले आणि मग ती बंद झाली. सातही घेणारे पाच फूट दोन इंचांच्या आतले होते. ही अट कंपनीने कुठल्याही जाहिरातीत छापली नव्हती. लोक यायचे, गाडी पाहून वेडे व्हायचे, आत बसायचे, आणि मग दोघांनी काखेत हात घालून त्यांना बाहेर ओढायचं, की अट आपोआप कळायची. पण हे सगळं पुढचं. हरिदासची बेचैनी त्याच्या खूप आधी, एक्याऐंशीच्या मार्चात सुरू झाली.

हरिदास वडनेरचा. हिंगणघाटला मधुकररावांच्या फायबरग्लासच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. कारखान्यात पाण्याच्या टाक्या व्हायच्या. टाकी गोल असते. ती काढायला कंपास लागतो, ड्राफ्ट्समन लागत नाही, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. ते मधुकररावांना कळू नये म्हणून तो दिवसभर टेबलाशी उभं राहून काहीतरी काढत असायचा. उभं राहून, कारण सहा फूट एक इंचाचा हा माणूस कुठल्याही खुर्चीवर दहा मिनिटांच्या वर टिकत नसे. बसला की गुडघा हलायचा, गुडघा हलला की टेबल हलायचं, आणि टेबल हललं की टाकी लंबगोल व्हायची.

एक दिवस मधुकरराव मागे येऊन उभे राहिले तेव्हा टाकीच्या कागदाच्या पाठीवर एक गाडी होती. दोन माणसांची, उघडी, जमिनीला चिकटलेली. इंजिन मागे. हरिदासनं मनातल्या मनात वडनेरची बस पकडली. मधुकररावांची उंची पाच फूट अर्धा इंच. अर्धा इंच ते स्वतः आठवणीनं सांगत. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा केला, टाकी पाहिली, पुन्हा गाडी पाहिली.

"हे चालन का?" त्यांनी विचारलं.

हरिदास हो म्हणाला. ती उडेल का असं विचारलं असतं तरी तो हो म्हणाला असता.

"मंग बनव. पयल्या दिवशी तूच चालवजो. फाटकापासून तुह्या वडनेरपर्यंत."

झालं. त्या वाक्यानं हरिदासची उरलीसुरली झोपही गेली. कापसाच्या जिनिंगच्या ट्रकवर तो गाडी शिकलेला होता, पण ट्रक दुसऱ्यानं काढलेला असतो. आपण कागदावर ओढलेली रेघ आपणच रस्त्यावर चालवत गावात न्यायची, एवढं एकच त्याला आयुष्यात हवं होतं. बाकी काही नको होतं. लग्नाचं विचारायला आलेल्या पाहुण्यांनाही त्यानं तसंच सांगितलं, आणि पाहुणे चहा अर्धा टाकून उठले.

त्या उन्हाळ्यात त्यानं सतरा कागद काढले. पहिली गाडी उलट्या नावेसारखी होती. चौथी इस्त्रीसारखी झाली. ती मधुकररावांच्या पत्नी लीलाबाई यांना आवडली, म्हणून रद्द झाली नाही, नुसती फाईलला लागली. नवव्या गाडीला मधुकररावांच्या आग्रहावरून टपावर कॅरिअर होतं. गाडीला टप नाही हे हरिदासनं दाखवून दिल्यावर त्यांनी कॅरिअरपुरता टप लावून पाहायला सांगितलं. सतरावी खरी होती. ती काढून झाल्यावर हरिदास कारखान्याभोवती चार फेऱ्या मारून आला आणि चहावाल्याला दोनदा पैसे देऊन बसला.

बाहेरच्या देशात आधी मातीची गाडी करतात असं त्यानं कुठेतरी वाचलं होतं. माती आपल्याकडे भरपूर. कारखान्यामागच्या वावरातली काळी माती आणून, तुडवून, पूर्ण मापाचं तुफान उभं केलं. महिना मे. तिसऱ्या दिवशी उजव्या बाजूला अशी उभी भेग गेली की दार कुठे करायचं हा प्रश्न सुटला. चौथ्या दिवशी डाव्या बाजूलाही दार झालं. पाचव्या दिवशी दोन्ही भेगा पोटाखाली एकमेकींना भेटल्या आणि गाडीचे दोन तुकडे झाले. मागच्या तुकड्यात इंजिनाची जागा होती, त्यामुळे तो एकटा पुढे जाऊ शकला असता, असं मधुकररावांचं मत पडलं.

मग लाकूड. पूर्ण मापाचा लाकडी साचा करायचा, त्यावर फायबरग्लास चढवायचं, वाळलं की सोलून घ्यायचं. लाकडासाठी हरिदासला दुसरा माणूस सुचलाच नाही. वडनेरचे तानबाजी सुतार चाळीस वर्षं रेंग्या करत आले होते. रेंगी म्हणजे दोन माणसांची हलकी, पळणारी बैलगाडी; बाकीच्या गाड्या ओझ्यासाठी, ही रुबाबासाठी. त्या अर्थानं तालुक्यातल्या सगळ्या स्पोर्ट्‌स कार तानबाजींच्याच हातच्या होत्या.

तानबाजींनी कागद अंगणात पसरला, चारी कोपऱ्यांवर अवजारं ठेवली आणि कागदापुढे बैठक मारून पुष्कळ वेळ काढला.

"बैल कुठं जुपाचे?"

"बैल नाई, तानबाजी. इंजिन हाये. मागं."

"मागं."

"हो, मागं. इथं."

"म्हंजे सारं ओझं मागं, अन् पुढं कायीच नाई. उलार होते ना गाडी."

उलार म्हणजे मागच्या अंगाला भार जास्त झालेली गाडी. जू वर उचललं जातं, बैलांचे गळे आवळतात, आणि करणाऱ्या सुताराचं नाव चार गावांत निघतं. तानबाजींच्या हातून एकही गाडी उलार निघाली नव्हती. हरिदासनं त्यांना मोटारीचं शास्त्र समजावलं: इथे मान नाही, जू नाही, चाकं चार आहेत. तानबाजींनी ते सगळं तापातल्या माणसाचं ऐकावं तसं ऐकून घेतलं आणि शेवटी बरं म्हणाले.

हरिदास फायबरग्लासला लागणारं रेझिन आणायला नागपूरला गेला आणि बहिणीकडे कावीळ होऊन पडला. अठरा दिवस. परत आला तो थेट तानबाजींच्या अंगणात, डोळे अजून पिवळे. निंबाखाली साचा उभा होता आणि हरिदास जागच्या जागी थांबला. थांबणं त्याच्या स्वभावात नव्हतं. गाडी दबा धरून बसली होती. नाक आखूड, खाली गेलेलं. बसायची जागा पार पुढे. आणि तिथून मागे लांबच लांब पाठ, उडी मारायच्या आधी जनावराची असते तशी. त्याच्या सतराव्या कागदापेक्षा ती सुंदर होती. हे त्याला लगेच कळलं, आणि आवडलं नाही.

त्यानं टेप काढला. बसायची जागा बरोबर अठरा इंच पुढे सरकली होती. एक हात.

तानबाजी जवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "तुह्या कागदात एक चूक व्हती. मी सुधरवली. कोनाले सांगत नाई."

पुढच्या चाकांची आणि पेडलांची जागा जिथल्या तिथे होती. म्हणजे पाय ठेवायला जी जागा होती त्यातली एक हात गेली होती. हरिदासनं गुडघे छातीशी घेऊन आत बसून पाहिलं. गुडघे हनुवटीला लागले आणि हनुवटी स्टिअरिंगच्या जागेला. तो अजून आतच अडकलेला असताना मधुकररावांची अँबॅसेडर अंगणात शिरली.

अँबॅसेडरमध्ये मधुकरराव मागे, दुमडलेल्या सतरंजीवर बसत; तरीही बाहेरून नुसतं कपाळ दिसे. गाडी प्रेमदास चालवी. मधुकररावांना चालवता येत नव्हती, कारण आजवर कुठल्याही मोटारीचं क्लच त्यांच्या पायाला भेटलं नव्हतं. हरिदासला बाहेर काढल्यावर ते साच्यात उतरले. बसले. पाठ टेकली. पाय पुढे केले, आणि पाय टेकले. दोन्ही, आणि पूर्ण.

मग साच्याच्या कडेवरून हात फिरवत म्हणाले की हरिदास, यातलं आता एक सूत बी हलवाचं नाई. ही तुही गाडी हाये, तुह्याच नावानं ओयखली जाईन.

हरिदासनं तोंड उघडलं. वाक्य तयार होतं: ही माझी नाही, माझी अठरा इंच मागे आहे. पण ते बोललं असतं तर साचा फुटला असता, आणि त्याच्या जागी जी आली असती ती हिच्याइतकी देखणी नव्हती. त्यानं तोंड मिटलं. तानबाजींनीही शब्द पाळला.

त्यानंतर जवळजवळ अडीच वर्षं हरिदासला बोलायच्या भरपूर संधी आल्या. साच्यावर मेण चढलं तेव्हा एक आली. पहिलं कवच सोललं तेव्हा दुसरी. वेल्डरनं सांगाडा जोडला, तीनचाकी टेम्पोचं इंजिन मागे बसवलं, गाडीवर 'तुफान-८२' लिहिलं, ब्याऐंशी निघून गेलं, दोनाचे तीन केले, मग तिनाचे चार केले. प्रत्येक वेळी तो बोलायला म्हणून मधुकररावांच्या खोलीशी जायचा आणि खिडकी किती फुटांची आहे ते मोजून परत यायचा.

गाडी बदलणं शक्य नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःला बदलायला घेतलं. रोज सकाळी अर्धा तास तो धान्याच्या रिकाम्या कोठीत घडी घालून बसे. जेवायला उकिडवा. बसमध्ये सीट सोडून दोन सीटांच्या मधल्या जागेत. गुडघ्यांचं कातडं जाड झालं, उंची तेवढीच राहिली. त्याची माय रुख्माबाई हे सगळं बघत होती. तिनं आधी मूळव्याध धरली, मग बाहेरचं काही धरलं, आणि शेवटी शेजारच्या आनंदाबाईला सांगून टाकलं की पोट्टा शहरात राहून भ्याला हाये, लपाची सवय लावून घेते.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत दिवस ठरला. कारखान्याच्या फाटकाला पताका, गाडीवर हार, नारळ फुटला. वडनेरच्या स्टँडवर सकाळपासून माणसं जमल्याचा निरोप होता. पाहुण्यांसमोर मधुकररावांनी हरिदासला हाताला धरून पुढे आणलं आणि बसायला सांगितलं.

हरिदास आधी उजवा पाय घालून बसला. मग बाहेर येऊन डावा पाय आधी घातला. तिसऱ्यांदा तो दोन्ही पाय एकदम घेऊन वरून उतरला, विहिरीत उतरतात तसा. आत गेला. आता उजवा गुडघा स्टिअरिंगच्या वर होता आणि डावा पाय क्लचवर असा दाबून बसला होता की तो उचलायला दुसऱ्या कुणीतरी यावं लागलं असतं. हॉर्न तेवढा वाजत होता, पण तो गुडघ्यानं वाजत होता आणि थांबत नव्हता. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हीच सुरुवात आहे.

त्याला ओढून बाहेर काढल्यावर तो उभा राहिला आणि अडीच वर्षांचं वाक्य एकदम बोलून टाकलं.

"भाऊसाहेब, सीट एक हात पुढं हाये. तानबाजीनं घेतली. मले त्याच दिवशी समजलं, अन् मी चूप राह्यलो."

मधुकररावांनी पताकांकडे पाहिलं.

"मले मालूम हाये," ते म्हणाले. "त्याच दिवशी घरी जाऊन तुहा कागद काढला. टेप माह्याजवळ बी हाये."

"मंग बोलले काऊन नाई?"

"जिंदगीभर दुसऱ्याच्या मापाच्या गाडीत बसलो, हरिदास. एक गाडी तं निघाली."

पाहुणे वाट पाहत होते. प्रेमदास पाच फूट नऊ; त्याला घालून पाहिलं आणि काढून घेतलं. चालवता येणारे मावत नव्हते. मावणारे दोनच, मधुकरराव आणि तानबाजी, आणि दोघांपैकी कुणी बैलाशिवाय काही हाकलं नव्हतं. शेवटी हरिदासनंच तोड काढली. मधुकरराव सीटवर, पाय त्यांचे. हरिदास त्यांच्या मागे, इंजिनाच्या झाकणावर, दोन्ही तंगड्या त्यांच्या खांद्यांवरून पुढे सोडून. स्टिअरिंगवर हात त्याचे. तो क्लच म्हणाला की मधुकररावांनी क्लच दाबायचं, ब्रेक म्हणाला की ब्रेक. गिअर दोघांच्या संमतीनं.

गाडी सुरू झाली, हरिदासचं वजन मागे पडलं आणि तुफानचं नाक वर उठलं. पुढची चाकं जमिनीला नावापुरती लागून होती. स्टिअरिंग डावीकडे फिरवा, उजवीकडे फिरवा, गाडी सरळ पाहुण्यांकडेच जात राहिली. तानबाजी गर्दीतून पुढे झाले. उलार गाडी त्यांना आयुष्यात कुणी समजावून सांगावी लागली नव्हती. ते नाकावर चढले, तोंड मागे करून मांडी घालून बसले आणि चला म्हणाले. नाक खाली आलं. गाडी वळली.

वडनेरपर्यंत सव्वा तास लागला. मागे हरिदासला खालून इंजिन भाजत होतं, तो डावं-उजवं बूड बदलत होता, आणि प्रत्येक बदलाबरोबर गाडी त्या बाजूला सरकत होती. मध्ये मधुकररावांना त्याची तंगडी तोंडापुढून बाजूला करावी लागे. पुढे तानबाजी रस्त्याकडे पाठ करून या दोघांची तोंडं बघत होते. समोरून ट्रक येतोय हे त्यांना यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. एका बंडीवाल्यानं बैल बाजूला घेऊन विचारलं की गाडी एकाची हाये का तिघायची.

स्टँडवर सगळं गाव होतं. रुख्माबाई ताट घेऊन पुढे आली, तिघांनाही ओवाळलं, आणि मग लेकाकडे पाहिलं.

"तूनं चालवली का?"

"हात माहे व्हते, माय. पाय यायचे." हरिदासनं मधुकररावांकडे बोट केलं.

"थांबवाचं काम कोनाकडं व्हतं?"

"यायच्याकडं."

"मंग यायनं चालवली," रुख्माबाई म्हणाली आणि ताट आनंदाबाईच्या हातात दिलं. गावानं माना हलवल्या. विषय मिटला.

हरिदासचा नाही मिटला. तो गाडीभोवती दोन फेऱ्या फिरला. मग खाली वाकून सीटच्या मागे हात घातला. तानबाजींनी जागा पुढे नेली खरी, पण ते गेलेले अठरा इंच कुठेतरी असणारच होते. ते तिथेच होते, सीट आणि इंजिन यांच्या मध्ये, लांब पाठीच्या आत: दोन पोती मावतील एवढी पोकळी. इतकी वर्षं तिच्यात कुणी डोकावलं नव्हतं.

तो उठून मधुकररावांपुढे उभा राहिला.

"भाऊसाहेब, वापस जाताना मी एकटा जातो."

मधुकररावांनी गाडीकडे पाहिलं, मग सव्वा तासात लाल झालेल्या आपल्या कानांकडे हात नेला. "सीटचं काय करतं?"

"काढतो."

मधुकररावांनी जमलेल्यांना विचारलं की हिंगणघाटची यस्टी कितीला हाये.

सीट चार बोल्टांवर होती. तानबाजींनी पाना फिरवायला नकार दिला, कारण माणूस मागे सरकणार म्हणजे गाडी पुन्हा उलार होणार; त्या पापात त्यांचा हात नको होता. हरिदासनं विचारलं की मग पुढे काय ठेवू. तानबाजींनी मान वळवून रुख्माबाईच्या ओसरीकडे पाहिलं. गावात पिठाची चक्की येऊन बारा वर्षं झाली होती आणि रुख्माबाईचं जातं कोपऱ्यात नुसतं बसून होतं. जात्याच्या दोन्ही दगडी तळ्या उचलून पेडलांच्या डाव्या अंगाला ठेवल्या. तानबाजींनी नाक दाबून पाहिलं, सोडून पाहिलं, आणि मग स्वतःच पाना घेतला. रुख्माबाईनं एवढंच सांगितलं की दोन्ही वापस पाह्यजेत, एक नाही.

हरिदास वरून उतरला. बूड गाडीच्या तळाला लागलं, पाठ पोकळीत शिरली, गळ्यापर्यंत तो गाडीच्या आत गेला आणि फक्त मुंडकं बाहेर राहिलं, गोधडीतून काढल्यासारखं. हात लांब केले, पुरले. पाय पुढे केले. पाय जात राहिले, जात राहिले आणि सरळ झाले. क्लच आलं. ब्रेकही आला.

आनंदाबाई कुणाला तरी सांगत होती की पाहा, अजून लपतेच. त्याला ते ऐकू आलं नाही.

गाडी वडनेरमधून निघाली तेव्हा लोकांना लांबून चालवणारा दिसतच नव्हता. दोन म्हाताऱ्यांनी नमस्कार केला. मुंडकं खाली असल्यामुळे हरिदासलाही रस्ता फारसा दिसत नव्हता, आभाळ आणि झाडांचे शेंडे दिसत होते, आणि दोन्हीकडच्या शेंड्यांच्या मधून तो गाडी घेऊन चालला होता. वेग ताशी अठ्ठावीस किलोमीटर. थोड्या वेळानं मागून यस्टी आली आणि सावकाश पुढे गेली. खिडकीत मधुकरराव होते. पहिल्यांदाच ते कुणाकडे तरी वरून खाली बघत होते, आणि त्यांनी खिडकीबाहेर हात काढून असं काहीतरी केलं, त्याचा अर्थ हळू चालव असाही होता आणि भले असाही.

हरिदासच्या एकाएकी लक्षात आलं की आपला गुडघा हलत नाही. त्यानं खाली बघितलं नाही. बघता येत नव्हतं. पण हलत नव्हता. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, तो एका जागी बसून होता आणि उठावंसं वाटत नव्हतं. याची त्याला सवय नव्हती. त्याला जरा भीती वाटली.

कारखान्याचं फाटक आलं. पताका होत्या, पाहुणे होते, यस्टीनं आधी पोचलेले मधुकरराव रस्त्यात येऊन इकडे वळ म्हणून हात दाखवत होते. इथे वळायचं, थांबायचं, बाहेर यायचं, आणि उद्या बाकीच्या सहा गाड्यांच्या सीटा त्याच जागी घट्ट बसवायच्या, कारण माप ठरलेलं होतं आणि ते बदलायचं नव्हतं. उद्यापासून पुन्हा टेबल हलणार.

पेट्रोल त्यानं स्वतःच भरलं होतं, त्यामुळे टाकीत किती आहे ते पक्कं माहीत होतं. हिंगणघाट ओलांडून पुढे जाम गावच्या चौरस्त्यापर्यंत पुरलं असतं, आणि जामहून वापस यायला पुरलं नसतं.

मधुकरराव जवळ आले. ओलांडताना हरिदासनं एक हात वर केला, स्टँडवरच्या ओळखीच्या माणसाला करतात तसा, आणि दोन्ही पाय सरळ ठेवून जामच्या दिशेनं निघून गेला.